छोटी गाडी, लांबचा पल्ला

मोटारीने लांबच्या प्रवासाला निघावे, संध्याकाळी बरी जागा पाहून तंबू ठोकावा, दोघांनी गाडीतच पथारी पसरावी आणि लहानशा शेगडीवर खिचडी शिजवावी, असा प्रवास करणारी कुटुंबे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. त्यासाठी चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी, टपावर तंबू बसवलेली भलीमोठी गाडी लागते, अशी समजूत मात्र जाहिरातींनी करून दिली आहे. आमच्या मते ती खरी नाही. शाळेत, बाजारात आणि लग्नाकार्याला नेण्यासाठी घेतलेली १२०० सीसीची पेट्रोल गाडी या कामाला पुरते. अट एवढीच की तिच्यात काय चढवायचे याचा हिशेब आधी करावा.

हा हिशेब करावा लागतो, कारण काटकसरी गाडीत मुळात शिल्लक फार नसते. पत्रा हलका, चाके अरुंद, इंजिन आणि बॅटरी लहान, ब्रेक गरजेपुरते. म्हणून तर ती लिटरला वीस किलोमीटर जाते. अशा गाडीत जी वस्तू घालाल तिची किंमत कोठेतरी मोजावी लागते, आणि गंमत अशी की ती दरवेळी पेट्रोलमध्येच मोजावी लागते असे नाही. काही वस्तूंची किंमत टायर मोजतात, काहींची ब्रेक मोजतात, काहींची बॅटरी मोजते. एका चुकीची किंमत मात्र जिवाने मोजावी लागते. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

उदाहरणासाठी पुण्याहून हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात, काझा गावापर्यंतचा प्रवास घेऊ. जाऊन येऊन अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर. त्यात सपाट महामार्ग आहे, घाट आहेत, राजस्थानचे ऊन आहे आणि ३७०० मीटरच्या आसपासची उंचीही आहे. गाडीत चार माणसे आहेत असे धरू.

पेट्रोल जाते कोठे?

सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागे खेचतात. एक टायरचा लोटण-रोध, दुसरा हवेचा रोध. टायर रस्त्याला टेकतो तेथे चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्च होते. हा रोध गाडीच्या वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा असतो. माणसांसह गाडीचे वजन १२०० किलो धरले, तर १२०० × ९.८ × ०.०१ म्हणजे सुमारे १२० न्यूटन. वेग कितीही असला तरी तो फारसा बदलत नाही.

हवेचे तसे नाही. हवेचा रोध काढण्याचे सूत्र असे:

वायुरोध = १/२ × हवेची घनता × आकारांक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

लहान गाडीचा आकारांक ०.३२ आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर धरले, तर दोहोंचा गुणाकार ०.६७ येतो. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो. वेग किलोमीटर-तासात नव्हे, मीटर-सेकंदात घालायचा, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. मग ताशी ६० किलोमीटरला वायुरोध सुमारे ११० न्यूटन येतो, ८० ला २०० आणि १०० ला ३१०.

म्हणजे ताशी साठच्या आसपास टायर आणि हवा यांचा वाटा जवळजवळ सारखा असतो आणि त्यापुढे हवा वरचढ ठरते. ताशी ८० ला दोन्ही मिळून ३२० न्यूटन; एक किलोमीटर जायला ३२० किलोज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली जेमतेम पाव चाकांपर्यंत पोचवते. ८ मेगाज्यूल भागिले ३२० किलोज्यूल म्हणजे लिटरला २५ किलोमीटर. ताशी १०० ला हेच उत्तर १८.६ येते. प्रत्यक्षात वातानुकूलन, गर्दी, गतिरोधक यांमुळे दोन्ही आकडे घसरतात, पण त्यांच्यातला फरक खरा आहे. गाडीत एकही वस्तू न बदलता, केवळ वेग शंभरावरून ऐंशीवर आणून जेवढे पेट्रोल वाचते, तेवढे दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही जोडवस्तूने वाचत नाही.

टप की डिकी?

आता या गाडीत १०० किलो सामान भरायचे आहे. ते आत, सीटमागे आणि डिकीत ठेवले तर लोटण-रोध १० न्यूटनने वाढतो. ३२० मध्ये १०, म्हणजे तीन टक्के. तेच सामान ताडपत्रीत बांधून टपावर टाकले, तर हे तीन टक्के राहतातच, शिवाय वाऱ्यापुढे एक मीटर रुंद आणि हातभर उंच असा अडथळा उभा राहतो. आकारांक आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारात सावधपणे ०.१५ चौरस मीटरची भर धरली, तरी ताशी ८० ला ४४ न्यूटन वाढतात. म्हणजे आणखी १४ टक्के!

हा आमचा कागदावरचा अंदाज झाला. अमेरिकेचा ऊर्जा विभाग आणि तेथील पर्यावरण संरक्षण संस्था ग्राहकांसाठी जी माहिती देतात, तीही याच्याशी जुळते. टपावरच्या मोठ्या बोजड पेटीमुळे महामार्गावर लिटरमागचे अंतर ६ ते १७ टक्के घटते, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला १० ते २५ टक्के. तीच पेटी गाडीच्या मागे लावली तर महामार्गावर घट अवघी १ ते ५ टक्के, कारण तेथे गाडीच्या पाठीमागची हवा आधीच फाटलेली असते. साडेचार हजार किलोमीटरच्या प्रवासात टपावरचे बोचके म्हणजे सुमारे तीस लिटर जादा पेट्रोल. रिकामा कॅरिअरदेखील वाऱ्याला अडवतोच. प्रवासाहून परत आल्यावर वर्षभर तो टपावर तसाच ठेवून शहरात मिरवणाऱ्या गाड्या पाहिल्या की आम्हाला फार वाईट वाटते.

वजन घाटात तरी भारी पडत असेल? खोपोलीहून लोणावळ्याला चढताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची वाढते. १०० किलो वस्तुमान एवढे वर न्यायला १०० × ९.८ × ५५० म्हणजे ५४० किलोज्यूल लागतात. आपल्या हिशेबाने पेट्रोल किती? सुमारे ७० मिलिलिटर, चहाचा एक लहान कप. वर्गात आधी अंदाज विचारावा. बहुतेक मुले निदान अर्धा लिटर तरी सांगतात.

तर मग पेट्रोलच्या दृष्टीने वजन स्वस्त आणि वारा महाग. सामान आत ठेवावे, टप मोकळा सोडावा. पण एवढ्यावर थांबून डिकी ठासून भरली, तर हिशेब अर्धाच झाला. वजनाची खरी किंमत उतारावर आणि टायरमध्ये दिसते.

वजनाची खरी किंमत

१३०० किलोची भरलेली गाडी तोच घाट उतरताना ७ मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा सोडते. त्यातली काही हवा आणि टायर खातात. बाकीचे सगळे, पाय ब्रेकवर ठेवूनच उतरले, तर ब्रेकच्या तबकड्यांत आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. ते लोखंड सारे मिळून २० किलो धरू. लोखंडाची विशिष्ट उष्मा किलोला, अंशाला ०.४६ किलोज्यूल. काहीही थंड झाले नाही असे मानले, तर तापमान सातशे अंशांहून अधिक वाढायला हवे. वाऱ्याने ब्रेक निवत असल्याने तसे होत नाही, पण त्याच्या निम्म्यापर्यंत गेले तरी ब्रेकचे अस्तर पकड सोडू लागते आणि द्रव उकळला तर पायाखालचा पेडल सरळ खाली जातो. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम म्हणजे ही ऊर्जा ब्रेकऐवजी इंजिनाच्या हवेत उधळून टाकण्याची युक्ती आहे. स्पितीच्या वाटेवर असे साडेपाचशे मीटर एकदा नव्हे, कितीतरी वेळा उतरावे लागतात.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल भारित वजन दिलेले असते. अनेक छोट्या गाड्यांत ते १३०० ते १३५० किलोच्या दरम्यान असते आणि रिकामी गाडी साडेआठशे ते नऊशे किलोची. मधला फरक सुमारे साडेचारशे किलो. त्यातून सत्तर किलोची चार माणसे वजा केली की दीडशे-पावणेदोनशे किलो उरतात, आणि ते किती लवकर संपतात हे पाहण्यासारखे आहे. वीस लिटर पाणी वीस किलो. चौघांच्या कपड्यांच्या पिशव्या चाळीस. तंबू, गाद्या आणि पांघरुणे पंचवीस. भांडी, शेगडी, शिधा वीस. पाने, जॅक, दोरखंड, हवेचा छोटा पंप यांचे दहा. मागची सीट दुमडून त्यावर झोपायची सपाट जागा करण्यासाठी बारा मिलिमीटरच्या प्लायवुडची १.७ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद फळी घेतली, तर तिचेच साडेतेरा किलो होतात; नऊ मिलिमीटरची घेऊन खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या तर तीनेक किलो वाचतात. आम्ही निघण्यापूर्वी प्रत्येक पिशवी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहतो. दुकानदाराला मौज वाटते.

ही फळी तीन तुकड्यांत, बिजागऱ्या लावून करावी, म्हणजे दिवसा ती सीटमागे उभी राहते. ती काढता-घालता येणारी असावी हे महत्त्वाचे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सीट कायमची काढून टाकणे, वेल्डिंग करून सांगाडे बसवणे हे उद्योग करू नयेत.

आतले सामान बांधलेलेच हवे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतली सुटी वस्तू ५० च्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग किती? सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूचा जमिनीवर येतानाचा वेग. वीस लिटरचा पाण्याचा कॅन तिसऱ्या मजल्यावरून आपल्या मानेवर पडावा अशी जागा त्याला देऊ नये. जड वस्तू सीटच्या पाठीला अगदी चिकटून, तळाशी आणि पट्ट्याने आवळलेल्या असाव्यात.

टायरचे गणित आम्हाला विशेष आवडते, कारण ते शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीवर करता येते. टायरभोवती जमिनीवर चारही बाजूंनी पातळ कागद सरकवून, तो जेथे अडतो तेथे खडूने खुणा करा. टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मिळेल. चाकावर ३०० किलो भार आणि हवेचा दाब ३३ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो, तर क्षेत्रफळ १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, एका तळहाताएवढे यायला हवे. चार तळहातांवर सगळा संसार धावतो! भार वाढवून दाब तसाच ठेवला, तर हा तळहात मोठा होतो, टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि तापते. म्हणूनच चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर कमी भारासाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा, वाढीव दाब दिलेला असतो. निघताना दुसरा आकडा पाळावा आणि तो टायर थंड असतानाच मोजावा. राजस्थानच्या दुपारी टायरमधली हवा २७ अंशांवरून ६७ अंशांवर गेली, तर ३३ पौंडांचा दाब ३९ च्या वर दिसतो. पंपावरचा मुलगा काळजीने हवा सोडू पाहतो. सोडू देऊ नये. रात्री तोच टायर कमी दाबाचा होऊन बसेल.

उंचावर काय होईल? काझाला बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच असतो, त्यामुळे दाबमापक पाचेक पौंड जास्त दाखवील. पण पहाटे तापमान शून्यावर आलेले असते, त्यामुळे आतला दाब घटतो. ३३ मध्ये १४.७ मिळवा, २७३ ने गुणून ३०० ने भागा आणि ९.३ वजा करा. उत्तर ३४ येते. दोन्ही परिणामांनी एकमेकांना जवळजवळ खोडून काढले.

इंजिनाला मात्र असा दिलासा नाही. टर्बो नसलेले इंजिन तेथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावते, कारण प्रत्येक श्वासाला त्याला तेवढाच कमी प्राणवायू मिळतो. पूर्ण भरलेली गाडी खड्या वळणावर पहिल्या गिअरमध्येही कुरकुरते. येथे कमी केलेला प्रत्येक किलो जाणवतो. एक फायदा मात्र काटकसरी गाडीच्याच बाजूचा आहे. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला पेट्रोलपंप आहे आणि त्यापुढे काझा सुमारे २०० किलोमीटर. ३५ लिटरची टाकी, आणि चढावर लिटरला पंधराच किलोमीटर धरले, तरी पाचशे किलोमीटर होतात. पेट्रोलचा कॅन गाडीत घेण्याची गरज नाही, आणि तो घेऊही नये. त्याची वाफ आणि आपण एकाच बंद खोलीत राहणे बरे नव्हे.

शेगडी आणि कुकर

सहलीला जाणारे लोक सव्वादोनशे ग्रॅम ब्यूटेनचे डबे वापरतात. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तरी ब्यूटेन लागतो अवघा १४ ग्रॅम. वजनाच्या मानाने याहून सोयीचे इंधन नाही. तेच पाणी सिगरेट लायटरच्या जागी किटली लावून तापवायचे, तर तेथून १२० वॉटच मिळतात, आणि काहीही वाया गेले नाही तरी पाऊण तास लागतो.

पण ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश सेल्सिअस आहे. कोकणात उत्तम पेटणारी शेगडी काझाच्या थंड पहाटे पेटायलाच नकार देते. डबा बिघडलेला नसतो, आतला द्रव वायू व्हायला तयार नसतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, म्हणून थंडीच्या प्रदेशासाठी प्रोपेन आणि आयसोब्यूटेन मिसळलेले डबे मिळतात. साधाच डबा असेल तर तो रात्री पांघरुणात घेऊन झोपावे. उलट टोक उन्हाळ्याचे. ५० अंशांना ब्यूटेनचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे पाचपट होतो, आणि मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतले तापमान साठाच्याही पुढे जाऊ शकते. डब्यावर ५० अंशांचा इशारा असतो तो याचसाठी. गाडी उन्हात सोडून देऊळ पाहायला जाताना डबे बरोबर घ्यावेत, नाहीतर निदान गाडीखाली सावलीत ठेवून कोणीतरी थांबावे.

काझाला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या भांड्यात डाळ तासन् तास खळखळते आणि कच्चीच राहते. त्यामुळे दीड-दोन किलोचा प्रेशर कुकर ही या प्रवासातली चैन नव्हे. त्याच्या वजनाहून जास्त गॅस तो वाचवतो असे नाही, पण जेवण वेळेवर मिळते.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. चौघांचे मोबाइल, एक एलईडी दिवा, एक छोटा पंखा यांना रात्रीत १२० वॉट-तास लागतात, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर-तास. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आणि ती इंजिनाला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनवलेली. हळूहळू रिती होणे तिला सोसत नाही, आणि थंडीत तर तिची ताकद आधीच घटलेली असते. यावर दुसरी मोठी बॅटरी, सौरपट, इन्व्हर्टर हे उपाय सुचवले जातात. आम्हाला ते अनावश्यक वाटतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तास. अशा दोन, दिवसा गाडी चालताना भरून घेतल्या, की काम झाले. शीतपेटीही नको. आपल्याकडे संध्याकाळी कोणत्याही तालुक्याच्या गावी ताजी भाजी मिळते. घरात कोणाला इन्सुलिन लागत असेल तर गोष्ट वेगळी; कोरड्या हवेत त्याच्यासाठी पाण्यात भिजवून वापरायची, बाष्पीभवनाने गार राहणारी पिशवी पुरते. दमट कोकणात मात्र ती नीट काम करत नाही.

बंद काचांमागची रात्र

आता जिवाची गोष्ट. छोट्या गाडीत आतली हवा सुमारे तीन घनमीटर असते. झोपलेली दोन माणसे श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात चारशे ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर टाकतात. १० अंशांची हवा घनमीटरला ९.४ ग्रॅमच बाष्प धरू शकते, म्हणजे सगळी मिळून २८ ग्रॅम. उरलेले जाणार कोठे? काचांवर, पत्र्यावर आणि गादीत. सकाळी ओली झालेली गादी पाहून गाडी गळते असे पुष्कळांना वाटते.

ओल परवडली. त्याच दोन माणसांच्या उच्छ्वासातून तासाला पंचवीस-तीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आतली हवा ३००० लिटर. गाडी पूर्ण हवाबंद असती तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर तासाला जवळजवळ एक टक्क्याने वाढले असते. गाडी तशी हवाबंद नसते, थोडी हवा फटींतून येत-जात राहते; पण वारा पडलेल्या रात्री त्यावर विसंबू नये. समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे खाली ठेवाव्यात आणि त्यांवर मच्छरदाणीचे कापड चुंबकाने किंवा चिकटपट्टीने लावावे. थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण घ्यावे, काच वर करू नये.

खरा घात दुसऱ्याच वायूचा. उकाडा म्हणून वातानुकूलनासाठी किंवा थंडी म्हणून हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणे, किंवा तंबूत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपणे, यामुळे उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने याचा अभ्यास स्वतःवर प्रयोग करून केला आणि १८९५ साली तो प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेले गणित शाळेतही करता येते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशेहून अधिक पटींनी जास्त प्रिय आहे; २१० पट धरू. हवेत प्राणवायू २१ टक्के. मग कार्बन मोनॉक्साइड केवळ ०.१ टक्का असला, तरी ०.१ गुणिले २१० म्हणजे २१! दोघांचा दावा सारखा ठरतो आणि काही तासांत जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडच्या ताब्यात जाते. हजारात एक भाग, आणि माणूस झोपेतून उठत नाही. जागा असलेल्याला निदान डोकेदुखी आणि मळमळ जाणवते. झोपलेल्याला ही सूचनाही मिळत नाही. उंचावर तर प्राणवायू आधीच विरळ, त्यामुळे पारडे आणखी झुकते.

नव्या गाड्यांच्या धुरात उत्प्रेरकामुळे हा वायू कमी असतो, पण इंजिन थंड असताना उत्प्रेरक नीट काम करत नाही. धुराची नळी बर्फाने, मातीने किंवा गवताने अडली, नळीला भोक असले, किंवा वारा मागून येत असला, तर धूर गाडीखालून आत शिरतो. संकरित गाड्यांत आणखी एक गोम आहे. अमेरिकेत पुष्कळ लोक टोयोटा प्रिअस या गाडीत झोपून प्रवास करतात. १९९७ साली जपानमध्ये प्रथम विकल्या गेलेल्या या गाडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत मोठी बॅटरी सुमारे १.३ किलोवॉट-तासांची होती. वातानुकूलन त्या बॅटरीवर चालते, आणि ती उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते. मोकळ्या मैदानावर ही व्यवस्था मोठी काटकसरीची आहे. पण गाडी शांत आहे म्हणून इंजिन बंदच आहे असे समजून ती बंद गॅरेजमध्ये किंवा शेडखाली तशीच चालू ठेवली, तर मध्यरात्री कोणी न सांगता धूर येऊ लागतो. अशा संकरित गाड्या आता आपल्याकडेही विकल्या जातात.

आमचा नियम सरळ आहे. झोपताना किल्ली खिशात, इंजिन बंद. शेगडी गाडीत किंवा तंबूत पेटवायची नाही, पाऊस असला तरी नाही. पाऊस असेल तर मागचे दार वर उचलून त्याच्या आडोशाला, उघड्यावर स्वयंपाक करावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर मिळतो. त्याचे वजन काही ग्रॅम असते, आणि आमच्या वजनाच्या यादीत त्याला पहिला क्रमांक आहे. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ हवेच्याच घनतेचा असल्याने तो खाली साचेल की वर, यावर वाद घालू नये. गजर डोक्याच्या उंचीला, उशीजवळ टांगावा.

शुद्ध विजेवर चालणाऱ्या गाडीत धुराचा प्रश्नच येत नाही. रात्रभर वातानुकूलन चालवले आणि त्याला सरासरी अर्धा किलोवॉट लागला, तर आठ तासांत ४ किलोवॉट-तास होतात. टाटा नेक्सॉनची २०२० साली आलेली विजेवरची आवृत्ती ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी घेऊन आली होती. त्यातले हे सुमारे तेरा टक्के. चार्जिंगची पुढची सोय कोठे आहे हे पाहूनच ते खर्च करावेत, आणि काचा तेव्हाही दोन बोटे उघड्या असाव्यात.